दापोली तालुका, सात पावसाळे वापरून

ठाण्यातल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात मी बावीस वर्षं काढली. त्यामुळे डिसेंबर २०१८ मध्ये आम्ही सासरच्या घरी कायमचे राहायला आलो तेव्हा माझी पहिली खरेदी होती दोनशे पानी वही. डाव्या पानावर घरचं, उजव्या पानावर दुकानचं. घरात जे खाल्लं, जाळलं, गुरांना घातलं ते सगळं त्यात वजनासकट. आमचे हे अजून चिडवतात, "खाल्लेल्या तांदळाची नोंद ठेवणारी तू पहिलीच!" ठेवते. आज चौथी वही चालू आहे.

मुलाचे मित्र, यांचे जुने सहकारी, भाचेजावई, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : कोकणात थोडी जमीन घेऊन घरचं पिकवून खायचंय, तुमची दापोली कशी आहे? फोनवर तेच तेच किती वेळा सांगायचं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. हॉटेलाबद्दल लिहितात तसं तालुक्याबद्दल लिहायला काय हरकत आहे? सात वर्षं जेवलोय इथे.

वहीतला निकाल आधी सांगते. घरात आम्ही तिघं : आम्ही दोघं आणि एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. जमीन अडीच एकर, वडिलोपार्जित. गेल्या वर्षी जे खाल्लं त्यातलं वजनाने साधारण दोन-तृतीयांश घरचं होतं. पण पैशात मोजलं तर घरचं निम्म्याहूनही कमी भरतं. जे घरी पिकतं ते बाजारातही स्वस्तच असतं : तांदूळ, नारळ, भाजी, फणस, केळी. आणि जे पिकत नाही तेच महाग : तेल, तूरडाळ, साखर, चहा, लाल मिरची. शहरातून येणारा माणूस हा हिशेब कधीच करत नाही. त्याला वाटतं, भाजी लावली की किराणा वाचला.

आता जागेबद्दल. दापोली तालुका ही एक वस्तू नाहीच. समुद्रकाठी मुरूड, कर्दे, आंजर्ले, केळशी या बाजूला वाळूतली माडा-पोफळीची आगरं आहेत. त्यावर सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ, पावसात हिरवा आणि एरवी तव्यासारखा. आणि दोहोंच्या मधे दऱ्या, पऱ्ह्याकाठची (पऱ्हा म्हणजे ओढा) भाताची खाचरं, उतारावरच्या आंबा-काजूच्या बागा. घरचं खायचं असेल तर हा तिसरा पट्टा बघा. आगर सुंदर असतं, पण तिथल्या जमिनीचे भाव आता पर्यटनाचे आहेत, शेतीचे नाहीत. सड्यावर 'समुद्र दिसणारे फार्म प्लॉट' म्हणून कातळ फोडून आखून विकतात. तिथे कलमाच्या खड्ड्यासाठी ब्रेकर लागतो, माती ट्रकने आणावी लागते आणि पाणी टँकरने. समुद्र दिसतो, हे मात्र खरं.

आमचं घर सड्याच्या खाली, आसूदच्या पुढे. आसूदच्या बागेत झऱ्याचं पाणी पाटाने पोफळींत फिरवतात, ते जाऊन बघण्यासारखं आहे. केशवराजाच्या देवळाला जाताना वाटेतच दिसतं. आमच्या नशिबी तसा बारमाही झरा नाही. आमचा पऱ्हा फेब्रुवारीच्या शेवटी मान टाकतो.

पाण्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माणसं इथेच फसतात. पाऊस इथे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मग पाण्याची काय ददात? पण जांभा चाळणीसारखा. पाऊस थांबला की पाणी खाली उतरतं आणि उतारावरून खाडीला जातं. जुलैत अंगणात पाय ठेवता येत नाही, आणि त्याच अंगणातली विहीर एप्रिलमध्ये कळशी बुडेल इतकीही राहत नाही. मागे ऑगस्टमध्ये पुण्याचं एक जोडपं शेजारची जागा बघायला आलं होतं. पऱ्हा दुथडी भरून चाललेला, वर धुकं, दोघंही हरखली. बयाण्याची भाषा सुरू झाली. आमचे शेजारचे काका पायरीवर बसून पान लावत होते. मला हळूच म्हणाले, "वयनी, पावसात तं कातळाव पन धबधबा आसतो. मे म्हयन्यात येवा म्हनावं त्यांस्नी." मी तसं सांगितलं. ती मे महिन्यात खरंच आली, कोरड्या पऱ्ह्यातल्या धोंड्यावर बसून डबा खाल्ला आणि गेली. मला वाटतं, त्या डब्याने त्यांचे बरेच लाख वाचवले.

उपाय आहे, आणि तो छपरावर आहे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर पाणी. माणशी दिवसाला ५५ लिटर धरलं तर चौघांना २२० लिटर, आणि फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस म्हणजे साडेसव्वीस हजार लिटर. छपरावर पडणाऱ्या पाण्याच्या दहाव्या हिश्शात घरचा उन्हाळा निघतो. आम्ही तीस हजार लिटरची फेरोसिमेंटची टाकी बांधली, कौलांना पन्हळी लावल्या, पहिले दोन पाऊस वाहून जाऊ देतो आणि मग पाणी टाकीत घेतो. सातही वर्षांत हा एकच खर्च असा, की ज्यावर आमचं दोघांचं भांडण झालेलं नाही. गुरांना आणि झाडांना मात्र हे पाणी पुरत नाही. त्यासाठी दर डिसेंबरात वाडीतली माणसं मिळून पऱ्ह्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बंधारा घालतात. त्याने विहिरीला तीन-चार आठवडे जास्त मिळतात. त्या दिवशी तुम्ही हजर नसाल तर मार्चमध्ये पाण्याबद्दल तोंड उघडायचं नाही, असा अलिखित नियम आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर तुम्ही आधीच शेतकरी असावं लागतं, ही कूळकायद्याच्या कलम ६३ ची अट. 'आमच्या नावाने घेऊ, नंतर बघू' म्हणणारे दलाल भेटतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावा. तुकडेबंदीत, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या कायद्यात, ऑगस्ट २०२३ पासून जिरायतीला किमान २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी मर्यादा आहे, तेव्हा 'पाच गुंठे शेती' हा प्रकार कागदावर बसत नाही. आणि कोकणातली खास मेख म्हणजे सहहिस्सेदार. आमच्याच सातबाऱ्यावर एकवीस नावं होती. त्यांतले दोघे बडोद्याला, एक दुबईत, आणि एका चुलतआजीचा मृत्यू १९८४ सालचा, तिची वारस नोंद झालेलीच नाही. आमचं वाटप व्हायला साडेतीन वर्षं लागली. तेही कोणी अडवलं म्हणून नाही, सगळे एका दिवशी एका ठिकाणी येईनात म्हणून. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदललं तरी हेलपाटे तेवढेच आहेत, माणूस मात्र आमच्या वाट्याला चांगला आला.

आता ताटाकडे.

भातात दापोली पैकीच्या पैकी. माणशी वर्षाला शंभर किलो तांदूळ धरते, कारण इथे भाताबरोबर पेज आहे, घावनं आहेत, तांदळाची भाकरी आहे. तिघांचे तीनशे, पाहुणे आणि गणपतीचे पन्नास. साडेतीनशे किलो तांदळाला भात लागतं साधारण ५४० किलो, कारण गिरणीतून शंभराचे पासष्टच हाती येतात. गुंठ्याला तीस किलो भात धरलं तर अठरा गुंठे पुरेत. आमची खाचरं बावीस गुंठ्यांची. पहिल्या वर्षी ४१० किलो भात आलं, बाकी डुकरांनी लोळून संपवलं. आता सातशेच्या आसपास येतं. बियाणं रत्नागिरी २४, विद्यापीठातून आणलेलं. पेंढा गुरांना, कोंडा कोंबड्यांना. कणगीत, म्हणजे धान्य साठवायच्या मोठ्या टोपलीत, भात भरला की सासूबाई तिला हात लावून नमस्कार करतात, आणि मी वहीत वजन लिहिते. दोन्ही एकाच वेळी चालतं.

भात कापल्यावर त्याच ओलीवर कुळीथ, चवळी, कडवे वाल. ही दापोलीची खरी डाळ. तूर बांधावर लावतो, वर्षाला सात-आठ किलो होते, म्हणजे दोन महिन्यांची आमटी. तेव्हा इथे यायचं तर आधी जिभेला समजावा. रोज तूरडाळीचं वरण हवं असेल तर दुकान सुटणार नाही. आठवड्यातून चार दिवस कुळथाचं पिठलं चालत असेल तर सुटेल. आमच्या मुलाला चालत नाही. तो येतो तेव्हा उजव्या पानावरच्या ओळी वाढतात.

पावसाळी भाजीला तोड नाही. टाकळा, भारंगी, फोडशी, शेवळं, कुड्याच्या शेंगा, अळू : जून ते ऑगस्ट मी भाजीला एक रुपया देत नाही. पुढे सुरण, कणगरं, कोनफळ. फणस तर भाजी, गरे, आठळ्या, साटं असा चार तऱ्हांनी वसूल होतो. कोकमाची आमसुलं वर्षाची घालून वर विकायलाही उरतात.

मासे आपण पिकवत नाही, पण हर्णैच्या बंदरातला लिलाव जवळ आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी करायच्या, बेगमीत सुकट, बोंबील, सोडे आधीच भरून ठेवावे लागतात. पहिल्या वर्षी मी ते डब्यात भरून ओट्यावर ठेवले. जुलैत डबा उघडला तर आतल्या बोंबलांना हिरवी लोकर आलेली. इथल्या हवेत चुलीवरचा माळा हाच फ्रीज. गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या सुनेने हे आधी विचारून घ्यावं.

तेल हा मोठा पराभव. पूर्वी वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनीत तीळ, कारळा करत, असं सासूबाई सांगतात. आता कोणी करत नाही. मी हट्टाने उन्हाळी भुईमूग लावला, 'कोकण गौरव', सहा गुंठे. पीक बघायला माणसं येत होती इतकं छान. काढायला आठवडा उरला असताना दोन रात्रींत रानडुकरांनी नांगरून ठेवलं. हाती आल्या नऊ किलो शेंगा. त्या आम्ही उकडून खाल्ल्या, आणि तेलाचा डबा आजही दापोलीहूनच येतो.

आणि वानर. या तालुक्याला मी शंभरांतून गुण देत असते तर फक्त वानर-माकडांपायी पंधरा कापले असते. पपई, भेंडी, काकडी, कोवळे नारळ, आंब्याचा मोहोरसुद्धा. कळप येतो सकाळी साडेआठला, यांची अंघोळ चाललेली असते ती वेळ बरोबर धरून. फटाके, वाघाचं चित्र, पत्र्याचे डबे, सगळं दोन-दोन आठवडे चालतं. मग त्यांना कळतं की डबा नुसता वाजतो. वाडीतल्या निम्म्या घरांनी परसातली भाजी याच कारणाने सोडली. आमची टिकली ती दोन कारणांनी. एक तर कुत्रा. दुसरं म्हणजे वानरांना न आवडणारंच जास्त लावलं : सुरण, अळू, हळद, आलं, मिरी. मिरीचे वेल पोफळींवर चढवलेत, वर्षाला चार-पाच किलो वाळलेली मिरी होते आणि तिला वानर हात लावत नाही. टोमॅटोचा नाद सोडला. आमसूल आहे, टोमॅटो कशाला?

माती तांबडी, आंबट. आमचा सामू (पीएच) ५.४ निघाला. या मातीत स्फुरद (फॉस्फरस) घातलं तरी ती धरून बसते, पिकाला सहज देत नाही, म्हणून शेणखताला पर्याय नाही. शेण हवं तर गाय हवी. आमच्या दोन गायी कोकण कपिला, इथली लहान चणीची जात. डोंगर चढतात, पावसात आजारी पडत नाहीत, पेंढ्यावर भागवतात. दूध मात्र वेताच्या भरातही दोन-अडीच लिटर. जर्सीची सवय असलेल्याला हे हास्यास्पद वाटेल. आम्हा तिघांना चहा, ताक आणि सणाचं तूप एवढं निघतं, आणि दवाखान्याचं बिल येत नाही. गोबरगॅस बांधताना मात्र आमचा हिशेब चुकला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागतं. दोन गायी नि एक वासरू यांचं मिळून त्याच्या निम्मंही भरत नाही, त्यात त्या दिवसभर रानात. तेव्हा सकाळचा चहा आणि भात गोबरगॅसवर, बाकी चूल. सिलिंडर वर्षाला तीन.

तालुक्यातलं सर्वांत चांगलं दुकान कोणतं, असं विचारलंत तर मी कृषी विद्यापीठाची रोपवाटिका सांगेन. १९७२ पासून हे विद्यापीठ दापोलीत आहे, आणि त्याच्या कुंपणाला लागून राहणारेसुद्धा कलमं भलतीकडून आणतात. वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ काजूची आमची तीसही कलमं तिथली. त्यांतली दोनच मेली, तीही आमच्या म्हशीच्या कृपेने. (म्हैस नंतर विकली.)

वादळाचं सांगायलाच हवं. ३ जून २०२० ला निसर्ग आलं. दुपारी काही तासांत आमच्या एकोणीस माडांतले सात गेले, पोफळी मोजल्याच नाहीत, आणि अर्धी कौलं शेजारच्या वाडीत. गावात विजेचा खांब उभा राहिला नव्हता. लाईट यायला आम्हाला पस्तीस दिवस लागले. त्या पस्तीस दिवसांत कणगीतलं भात होतं, विहिरीवर रहाट होता, चूल होती, मे महिन्यात भरलेली आगोट होती. मोबाईल चार्ज करायला हे खेडपर्यंत गेले, पण उपाशी कोणी राहिलं नाही. नवे माड त्याच पावसाळ्यात लावले. बाणवली जातीच्या माडाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे आता कुठे पोय (माडाचा फुलोरा) दिसू लागली आहे. तोवर नारळ विकण्याचं सोडा, श्रावणात दोनदा विकत आणलेत. घरचं खाणाऱ्याने हा सहा-सात वर्षांचा खड्डा गृहीत धरायला हवा. सौर पॅनल आम्ही नंतर बसवले. आठ महिने उत्तम. जुलैत ते दिवे आणि रेडिओ एवढंच ओढतात.

दवाखाना : दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, आम्हाला पाऊण तास. फुरसं (विषारी साप) आणि लाल विंचू हे इथले दोन शेजारी. आमच्या यांना २०२२ मध्ये लाकडं काढताना विंचू चावला. घाम, थंडगार हातपाय, उलट्या. प्राझोसिनची गोळी वेळेवर मिळाली आणि निभावलं. विंचूदंशावर ही गोळी रूढ केली ती महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी, म्हणजे कोकणच्याच अनुभवातून. रात्री बॅटरीशिवाय आणि दिवसा बुटांशिवाय लाकडांत हात घालू नका. लावणीच्या दिवसांत पायाला जखम असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते, तेव्हा ताप अंगावर काढायचा नाही.

माणसं. लावणीला चार दिवस बारा माणसं लागतात आणि वाडीत साठीच्या आतली सहा आहेत. बाकी मुंबईत. मजुरी देऊनही मिळत नाहीत, कारण सगळ्यांची लावणी त्याच आठवड्यात. तेव्हा मी दुसऱ्यांच्या खाचरात जाते, ती माझ्या येतात. पहिल्या वर्षी मी तासाभरात कंबर धरून बांधावर बसले तर थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "बस गो बस, हिशेब लिव आमचा." आता मी ओळीत शेवटची नसते. हे नातं पैशाने विकत मिळत नाही. नवीन माणसाला पहिली दोन वर्षं लोक नुसतं बघतात. तुम्ही बंधाऱ्याला येता का, शिमग्याच्या पालखीला घर उघडं ठेवता का, मयताला जाता का. त्यानंतर कोणीतरी न विचारता फणस आणून ठेवतो.

रोकड लागतेच. तिघांना महिन्याला तेरा-चौदा हजार, त्यात सासूबाईंची औषधं. काजू, आमसुलं, थोडी सुपारी आणि मिरी यांतून वर्षाला लाखभर येतात, हापूस एका वर्षी हसवतो आणि दुसऱ्या वर्षी फवारणीचाही खर्च काढत नाही. उरलेलं यांच्या पेन्शनमधून. पेन्शन नसती तर एकाला बाहेर काम करावंच लागलं असतं, हे लपवून 'आम्ही स्वयंपूर्ण आहोत' म्हणणं खोटं होईल.

तर कोणी यावं? ज्याची इथे आधीच हिश्शाची जमीन आहे आणि जो महिन्याला काही ठरावीक रक्कम आणू शकतो त्याने जरूर. लहान मुलं असतील तर शाळेचा रस्ता जुलैत एकदा चालून बघा. एकट्या माणसाने सड्यावर प्लॉट घेऊन येऊ नये.

पुण्याच्या त्या जोडप्याने पाहिलेली शेजारची जागा अजून विकायची आहे. बावन्न गुंठे, सतरा नावं, विहीर एप्रिलपर्यंत. गेल्या आठवड्यात एक दलाल पुन्हा कोणालातरी घेऊन आला होता, श्रावणातच. पऱ्हा जोरात होता. मी काकांकडे बघितलं, काकांनी पानाचा डबा उघडला.